पाईसच्या वेली आणि बाबांचं पिंप

९ मार्च

ओनोफ्रेनं आज पुन्हा तीच टकळी लावली — "ताई, यंदाची तोडणी शेवटची. मग टेकडी लाकूड कंपनीला." बाबांना जाऊन आठ महिने झाले नाहीत, तर माझ्या धाकट्या भावाला तिथं निलगिरी दिसायला लागली! पणजोबांच्याही आधीच्या द्राक्षवेली. म्हणे पाईस जातीच्या द्राक्षांच्या लाल वाईनला आमच्या इताता खोऱ्यात आता कुत्रं विचारत नाही. मी विचारते ना! पण सही दोघांची लागते, आणि वाईन झाली की करीन असं मी कबूल करून बसलेय.

१४ मार्च

धुकं. घोडी लंगडतेय.

२ एप्रिल

परवा तोडणी. चूल पेटवताना एकदम आठवलं — पिंप! पंधरा दिवस आधी पाण्यानं भरायचं असतं. वाळलेलं लाकूड फुगलं नाही, तर सगळा रस फटींतून जमिनीत. दरवर्षी बाबाच भरायचे, माझ्या डोक्यातच आलं नाही. तशीच कोठारात धावले.

पिंप काठोकाठ भरलेलं! खाली जमीन कोरडी ठाक.

जेवताना ओनोफ्रे खांदा चोळत होता. विचारलं तर म्हणे, "म्हातारा झालो."
"माझ्याआधी? लाज नाही वाटत?"
हसला. पाण्याचं त्यानं काढलं नाही, मीही नाही.

४ एप्रिल

दिवसभर ताटीवर घड चोळले. मणी खाली पिंपात, देठ वर. ताटीच्या कोलिहुएच्या चार काड्या मोडल्या. कोलिहुए म्हणजे आमचा इथला बांबू, पण भरीव. शेजारची क्लोरिंदा म्हणाली, "नवी विणा आता, किती वर्षं ओढाल?"
ओनोफ्रे म्हणाला, "कुणासाठी?"
मला रडूच आलं. हात रसानं बरबटलेले, डोळेही पुसता येईनात.

२० एप्रिल

पहिला पेला. हलकी, जराशी तुरट — अगदी बाबांच्या हातची! ओनोफ्रे "बरी आहे" म्हणाला आणि पेला पुन्हा पुढे केला. उद्या कंपनीचा माणूस कागद घेऊन येणार. सही करीन. शब्द दिलाय.

२१ एप्रिल

कंपनीचा माणूस ओसरीवर दुपारपर्यंत बसला आणि कंटाळून गेला. ओनोफ्रेचा पत्ता नव्हता. संध्याकाळी ओढ्याकडून आला — खांद्यावर कोलिहुएच्या हिरव्या काड्यांचा भारा.

"पुढच्या तोडणीपर्यंत वाळतील," म्हणाला.