पहिल्या माणसाचा वाडगा

मोहटोला, ता. कुरखेडा
२२ डिसेंबर १९८५

प्रिय सिग्रीड,

श्रावणदादाचा जयभीम. काल सकाळी मी तुझ्या बाबांचा लाकडी वाडगा धुतला, जवसाच्या तेलाने पुसला आणि तुला नॉर्वेला पार्सल करायला जुन्या धोतरात गुंडाळला.

इकडे धान घरात आलं. तांबडीला गोऱ्हा झाला. बाबांच्या खोलीत सध्या धानाचं तणीस भरलं आहे, रागावू नकोस. ते वारल्यावरचा हा पहिलाच हिवाळा.

तू पत्रात लिहिलंस त्याचं उत्तर लांबवतो आहे. "वाडगा मांडणार नसाल तर परत पाठवा." तुझे बाबा, आमचे अर्नेभाऊ, नॉर्वेहून इथे दुधाच्या कामाला आले आणि आमच्याच शेतावर राहिले. दरवर्षी या दिवसांत दुधात शिजवलेला भात, वर लोणी, असा वाडगा ते बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली ठेवत. म्हणत, "आमच्या व्हायकिंग पूर्वजांची रीत. शेतातल्या पहिल्या माणसासाठी." त्या संध्याकाळी मी तिकडे फिरकत नसे. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बापाने घरचे देव नदीत सोडले. भुताखेताला नैवेद्य दाखवणार नाही, हे तेव्हा मीही बोललो आहे.

पार्सलला सुतळी बांधताना तुझ्या रुखमावहिनीने विचारलं, "पहिला माणूस म्हंजे कोन जी?"

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. जंगल तोडून ज्याने पहिला नांगर धरला तो, आणि तो शेतातच निजलेला असतो, असं तू लिहिलंस.

"मंग ते तं मामाजीच व्हय!"

मी खालीच बसलो. तिचे मामाजी म्हणजे सासरे, माझा बाप; जंगल तोडून इथे पहिला नांगर त्यानेच धरला, आणि त्याच मोहाखाली त्याला पुरलं आहे. खड्डा खणायला अर्नेभाऊ होते. इतकी वर्षं ते माझ्या बापाला जेवू घालत होते, आणि मी ती वाट टाळत होतो.

"बसले काऊन? दूध तापून राह्यलं," रुखमा चुलीजवळून म्हणाली. "अन् लोनी दाबून टाका. मामाजीले चिंगूसपना चालत नाई."

नैवेद्य नाही, सिग्रीड. बापाची आठवण. सूर्य टेकला तेव्हा मोहाखाली उभा राहून त्रिशरण म्हटलं आणि वाडगा मांडला. भात थोडा जास्तच घातला होता, तुझ्या बाबांच्याही वाट्याचा म्हणून. आज सकाळी पाहिलं तर पाखरांनी टिपून रिकामा केला होता.

पार्सलची वाट पाहू नकोस. वाडगा इथेच राहील.

सुकलूचा मुलगा, तुझा दादा,
श्रावण