दार लावण्याआधी

३ मार्च
आले एकदाची जहाजावर राहायला. मी सांगते, नात लिहिते. मला अक्षर ओळखता येत नाही आणि मोतीबिंदूपायी आता माणूसही धड ओळखता येत नाही. युद्धात माल वाहणारं हे लोखंडी धूड नातीच्या हवाली केलंय. त्याचं तरंगतं संग्रहालय करायचंय. म्हटलं, जुनं सामान म्हणून मलाही मांडून ठेव. तर म्हणते, तुला बघायला तिकीट कोण काढेल? लिही हेसुद्धा, चिमणे. लिहून झालं की पान वाचून दाखवते आणि स्वतःच खिदळते.

९ मार्च
रंगारी गंज खरवडता खरवडता इथली रीत सांगत होता. तळातलं दार लावण्याआधी ठोकायचं. आतून उत्तर आलं तर लावायचं नाही. आतल्याने ठोकलं आणि बाहेरच्याने उत्तर दिलं, तर उघडायलाच हवं. युद्धात पाणी शिरलं तेव्हा आतून उत्तर येत असताना दार लावलं, म्हणे. जहाज वाचलं. ते दार अजून बंद आहे.

१२ मार्च
त्याच दारापाशी पितळ घासत बसले होते. आतून ठकठक झाली. कुणी दार वाजवलं की ओ द्यायची जन्माची खोड. काठीने ठोकून मोकळी झाले. मग आठवलं, नात तर वर होती. रंगाऱ्याला सांगितलं. त्याचा हात जागीच थांबला.

१५ मार्च
रंगारी काम सोडून गेला. नात म्हणते, लोक यायच्या आत ते दार उघडायलाच हवं. नको म्हटलं, रुसून बसले, जेवले नाही. म्हणाली, आजी, पाइपातल्या पाण्याला कसली घाबरतेस?

१६ मार्च
सकाळी उघडलं. ती आत गेली, बऱ्याच वेळाने आली. केस ओले. दार मागे ओढून घेतलं. ठोकलंस का आधी, विचारलं, तर वही उघडून बसली. लिहिते आहे, पण पान वाचून दाखवत नाही. चिडवलं तरी हसत नाही.

१७ मार्च
तिचा हात चाचपला. गार — बोटं जाड, खरखरीत.

खालून ठकठक येतेय. दोन भरभर, एक सावकाश. लहानपणी कोठीत अडकली की चिमणी अशीच ठोकायची —

लिहितेस ना गं? तू इथे बसलीस, मग खाली —

माझी काठी कुठे ठेवलीस? तिला उत्तर द्यायचंय, ती वाट बघत अस—