उलट औषधाच्या सहा बाटल्या

ता. ३, सोमवार

सामान खोलीवर पोचलं. वातीचा स्टोव्ह चाळीस सांगितला, पस्तिसाला घेतला. बादली बारा. हमाल पाच, सात मागत होता. पातेली, सतरंजी, देवाची तसबीर, जपमाळ, शिवणाचा डबा घरचंच, खर्च नाही. खोली दवाखान्याच्या समोर. ऊन चांगलं येतं, कपडे वाळतील.

हे खुशीत आहेत. म्हणाले, इतकी वर्षं तू माझं रक्त आटवलंस, आता डॉक्टर पातळ करणार म्हणजे फिटंफाट. मी म्हटलं, शुभ बोला. यांच्या सदऱ्याचं बटण लावलं. सुया मी औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत ठेवते. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या ऑपरेशनच्या वेळची. टाकवली नाही.

ता. ५, बुधवार

आज मशीनवाल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काळीज आणि फुप्फुस दोन्ही थांबवणार, तेवढा वेळ रक्त मशीनमधून फिरणार. नळीत रक्त गोठलं की खेळ खलास, म्हणून आधी पातळ करायचं औषध. मग थेंबभर रक्त घेऊन घड्याळ लावतात, किती सेकंदांत गोठतं ते बघतात. एरवी शंभर-सव्वाशे. चारशे ऐंशीच्या वर गेल्याशिवाय मशीन सुरू करत नाहीत. काम झालं की उलट औषध देऊन पुन्हा शंभरावर आणायचं. मी सगळं वहीत लिहून घेतलं. ते हसले, म्हणाले, बाई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या.

औषधं नातेवाइकांनी आणायची, असा इथला नियम. रिकाम्या बाटल्या मोठ्या सिस्टर मोजून परत देतात, मागाहून तक्रार नको म्हणून. नियम मला आवडला.

पातळ करायचं औषध इथल्या दुकानात मिळालं. उलट औषध संपलंय.

ता. ६, गुरुवार

धाकटा देवासारखा धावून आला. औषधांच्या धंद्यात असल्यामुळे त्याच्या ओळखी. उलट औषधाच्या सहा बाटल्या निम्म्या किमतीत! मोठ्या शहरातून थेट आणल्या म्हणे. ताई, तुझ्याकडून नफा घेईन का, म्हणाला. बाबांच्या वेळीही सगळं त्यानंच आणलं होतं. पाठचा भाऊ असावा तर असा. सहाच्या सहा बाटल्या तसबिरीपुढे ठेवून नमस्कार केला, मग सिस्टरांकडे दिल्या.

ता. ७, शुक्रवार

सकाळी सातला नेलं. जाताना यांनी घड्याळ माझ्या हाती दिलं, म्हणाले, किल्ली द्यायला विसरू नकोस.

दोनला मशीनवाले बाहेर आले. काम छान झालंय, मशीन काढलं. फक्त आकडा खाली येत नाहीये. पाचशे दहा होता, उलट औषधाच्या दोन बाटल्यांनंतर पाचशेच. आणखी देतो म्हणाले. लागतो कधीकधी वेळ.

चारला, पाच बाटल्या झाल्या. आकडा चारशे नव्वद.

धाकटा चहा आणतो म्हणून गेलाय.

ता. ८, शनिवार

छातीतून नळी काढून खाली बरणीत सोडलीय. बरणीवर रेघा आहेत. त्या-त्या तासात किती रक्त आलं ते सिस्टर सांगतात, मी लिहिते. आठ वाजता ३००. नऊला ३५०. दहाला ३२०. जपात चित्त लागत नाही, आकडेच तोंडात येतात.

दुसऱ्या एका पेशंटकडून उलट औषधाच्या दोन बाटल्या उसन्या घेऊन दिल्या. गोठायचा आकडा जरा उतरला. पण फार रक्त गेलंय. टाक्यांतून, सुईच्या जागेतून, हिरड्यांतूनसुद्धा.

धाकटा कालपासून आला नाही. मेला चहा कुठल्या मुलखातून आणतोय?

दुपारी

सिस्टरांनी पाच रिकाम्या आणि एक भरलेली परत दिली. मोजून घेतल्या. खिडकीत ठेवल्या. तासाभरात मुंग्या.

औषधाला मुंग्या? बाटलीला नाही. लेबलाला. कडेनं, खालून. नखानं उचकटलं तर आख्खं निघून आलं. खाली दुसरं लेबल, अर्धवट खरवडलेलं. आणि चिकटवलंय कणकेच्या खळीनं.

ती खळ मी ओळखते. लहानपणी वह्यांना लेबलं लावायला मीच धाकट्याला करायला शिकवली. डिंकाला पैसे कशाला, म्हणून. किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घाल, शंभरदा सांगायची. तो विसरायचा. दरवर्षी त्याच्याच वह्यांना मुंग्या.

भरलेली बाटली हलवून पाहिली. तळातून काहीतरी – शेवाळासारखं – वर तरंगलं.

पाऊण तासानं

मशीनवाल्यांना दाखवलं. त्यांचा चेहरा – त्यांनी एवढंच विचारलं की यात काय होतं. शरीरात गेलंय ते काय, हे कळलं तर पुढचा उपाय करता येईल. तपासायला पाठवलं तर आठवडा लागतो.

फोन केला. धाकट्याच्या दुकानाशेजारचा म्हणाला, कुलूप आहे. घरी उचलत नाहीत.

निम्म्या किमतीत. मी घासाघीससुद्धा केली होती.

ता. ९, रविवार

पुन्हा छाती उघडायला नेलंय. बरणी ६००.

यांच्या घड्याळाला किल्ली दिली.

सदऱ्याला रक्त लागलं होतं, ते धुताना बटण तुटलं. शिवायला डबा उघडला. सुयांची बाटली –

तिचंही लेबल कडेनं खाल्लेलं. बारीक बारीक भोकं. दोन वर्षं रोज हातात घेतेय. उचकटलं.

खाली दुसरं लेबल.

बाबांचंही रक्त थांबलं नव्हतं. नशीब, म्हणाला होता तो. माझ्या गळ्यात पडून रडला होता. तेराशे मी त्याच्या हातात मोजून दिले होते, औषधांचे –

सिस्टर हाक मारतायत. दोन मिनिटं.

धाकट्या, हे पान फाडून तुझ्या पत्त्यावर टाकतेय. पोलिसांत जाणार नाही. आईला सांगणार नाही. बाबांचं विचारणारसुद्धा नाही, तसबिरीची शपथ. फक्त बाटल्यांत काय भरलंस ते सांग. पाणी होतं की आणखी काही? हे अजून आत आहेत. उलट टपाली कळव, तार कर, काय भरलंस एवढंच कळ