अमितचं अर्धवट तिकीट

३० ऑगस्ट, शनिवार

भावाच्या, अमितच्या गावी, कॅरीला पोहोचले. विमानतळावर त्याची मुलगी केया स्वतः रंगवलेली पाटी घेऊन उभी होती. पाटीवर माझं चित्र होतं आणि डोक्यावर मुकुट. मला हसू आलं. अमित गेल्यापासून असं हसले नव्हते.

घर छान आहे. मागे लाकडी डेक, त्यापलीकडे पाइनची झाडं. नेपरव्हिलच्या हॉस्पिटलमधल्या फार्मसीतून मी तीन आठवड्यांची रजा काढली आहे. भावजयीने, नीनाने, मला अमितची खोली दिली. म्हणाली, "ताई, तुम्ही आलात, आता घरात आवाज तरी होईल." माझ्याकडून आवाजाची अपेक्षा करणारी ती पहिलीच.

केयाने जेवताना सांगितलं की चार ऑक्टोबरला तिचा हाफ बर्थडे आहे, साडेअकरा वर्षं पूर्ण. अमित दरवर्षी त्या दिवशी अर्धा केक आणायचा. या वर्षीही आणायचा असं नीनाने कबूल केलं आहे.

अमितचा फोन दिवाणखान्यात त्याच्या फोटोशेजारी असतो. सिमकार्ड काढलेलं आहे, पण केया तो रोज चार्ज करते. माझ्याकडेही त्याचा एक जुना स्वेटर आहे.

६ सप्टेंबर, शनिवार

अमितचा मित्र विवेक फुटबॉलची मॅच बघायला आला. दोन गल्ल्या सोडून राहतो. अमितच्या खुर्चीत बसला नाही, जमिनीवर बसला. नीना उठून वर गेली. अमित बेटिंग करतो हे तिला फार उशिरा कळलं होतं, आणि पार्किंगमध्ये गाडीत बसल्या बसल्या त्याचा जीव गेला तेव्हा हातातल्या फोनवर तेच बेटिंगचं ॲप उघडं होतं.

मी विचारलं म्हणून विवेकने थोडं समजावलं. एका तिकिटावर अनेक गोष्टी लावायच्या, त्याला पार्ले म्हणतात. त्यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक लेग. सगळे लेग खरे झाले तर जिंकलात, एक जरी चुकला तर तिकीट मेलं. ओव्हर म्हणजे ठरलेल्या आकड्याच्या वर, अंडर म्हणजे खाली. आकड्यात अर्धा का असतो, असं मी विचारलं. बरोबरी होऊ नये म्हणून, असं तो म्हणाला. अर्धा असला की कुणीतरी हरतंच.

आणि कॅश आउट म्हणजे निकाल लागायच्या आत, मिळतंय तेवढं घेऊन तिकीट बंद करणं. ती ऑफर क्षणाक्षणाला बदलत असते. अमितने आलेला बदल आपोआप मान्य करणारं बटण कायमचं चालू ठेवलं होतं, म्हणजे दाबता दाबता ऑफर बदलली तरी न विचारता नवीच पक्की. विवेक हसला. "विनीताताई, तरी तुमचा भाऊ आयुष्यात कॅश आउट करायचा नाही हं. म्हणायचा, ते भित्र्यांचं काम."

लहानपणी सांगलीला तो रेडिओवर मॅच ऐकायचा तेव्हा मला शेजारी बसवून ठेवायचा. मला त्यातलं काही कळत नसे. उठू लागले की हात धरायचा. एकट्याने खेळ ऐकणं त्याला जमायचंच नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज भरणी श्राद्ध केलं. फेब्रुवारीत दहाव्याला देवळामागच्या पार्किंगमध्ये पिंड ठेवला होता तेव्हा कावळा शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. नीनाला ते कधीच पटलं नाही. तिच्या मते अमितचं काहीतरी राहिलं आहे.

आज डेकच्या कठड्यावर पान ठेवलं. कावळे आले, कुंपणावर ओळीने बसले, पण पुढे येईनात. आपल्याकडे करतात तसं मी हात जोडून एकेक कबूल करत गेले. केयाला सांभाळीन. नीनाला एकटं पाडणार नाही. घर विकू देणार नाही. कावळे हलले नाहीत. आमटी गार झाली. नीना रडायला लागली.

ते मला बघवेना. मी म्हणाले, "अमित, तुझं जे तिकीट अर्धवट राहिलं असेल ते मी पुरं करीन."

एक कावळा लगेच खाली आला. आधी भात, मग वडा. नीना माझ्या गळ्यात पडली. फार हलकं वाटलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

दुपारी अमितचा फोन उजळला. ॲप उघडलं होतं. चार लेगचा पार्ले.

कावळा शिवेल. हो. त्यापुढे हिरवी खूण.

विनीता राहील. हो.

केया पडेल. हो.

केया, ११.५. अंडर.

शेवटची ओळ मला कळली नाही. भात लावायला उठले, कुकरचं झाकण हातात घेतलं आणि मग कळली. केयाचं वय साडेअकराच्या खालीच थांबेल. चार ऑक्टोबरच्या आत.

झाकण तसंच हातात राहिलं.

१४ सप्टेंबर, रविवार

फोन विवेकला दाखवला. वाटलं होतं हसेल, किंवा त्यानेच केलेली चेष्टा निघेल. त्याने स्क्रीन बराच वेळ पाहिली. म्हणाला, "ताई, हे अकाउंट मार्चमध्ये मी स्वतः बंद केलंय." चहा न घेता गेला.

मी फोन बंद केला. तो चालू झाला. त्याच्यावर पाणी ओतलं. अक्षरं पाण्याखाली स्पष्ट दिसत होती.

नीनाला सांगितलेलं नाही. काय सांगणार? तुझ्या नवऱ्याला मुलगी हवी आहे, आणि मी हो म्हटलंय?

१६ सप्टेंबर, मंगळवार

एक जरी लेग चुकला तर तिकीट मेलं. ही वाट आहे. मी इथे राहिलेच नाही तर दुसरा लेग खोटा पडतो.

नीनाला फार्मसीतून बोलावणं आलंय असं खोटं सांगितलं. केयाने ती पाटी माझ्या बॅगेत घातली. उद्या सकाळचं विमान.

१७ सप्टेंबर, बुधवार

विमानात चढायच्या रांगेत होते. नीनाचा फोन आला. केया शाळेला निघताना दारातल्या पायऱ्यांवरून पडली, कोपराचं हाड बाहेर आलं. "ताई, प्लीज, जाऊ नका."

परतले. न परतणं शक्य होतं का? हॉस्पिटलच्या लॉबीत पर्स उघडली तर आत अमितचा फोन होता. मी तो आणला नव्हता.

दोन हिरव्या खुणा. एकदम.

२४ सप्टेंबर

रजा वाढवून घेतली. केयाचं ऑपरेशन झालं. जखमेत इन्फेक्शन. मी अँटिबायोटिकचा प्रत्येक डोस स्वतः तपासते. बरोबर आहे. सगळं बरोबर आहे, तरी ताप चढतो, उतरतो, चढतो.

रोज फोटोसमोर बसते. त्याला सांगते, ती तुझी मुलगी आहे रे. दिलेला शब्द मागे घेते. पान पुन्हा ठेवलं. एकही कावळा आला नाही. आता कशाला येतील.

२९ सप्टेंबर

विवेकचा मेसेज. एकच ओळ. "कॅश आउट दिसतंय का?"

पाहिलं. दिसतंय. तिकिटाखाली पिवळी पट्टी. रकमेच्या जागी नाव आहे.

विनीता.

फार भीती वाटली नाही. त्रेपन्न वर्षं झाली, मागे कुणी नाही. त्याला शेजारी कुणीतरी हवं आहे एवढंच. मी आधीही बसत होते.

दाबायला गेले तर पट्टी करडी झाली. विवेक म्हणतो, खेळ रंगात आला की ऑफर अडकवून ठेवतात. वाट बघा.

२ ऑक्टोबर

करडी.

केयाला घरी आणलं. ताप नाही. डॉक्टर खूश आहेत. केया माझ्या हातून वरणभात जेवली, म्हणाली, "आत्या, यू लुक वर्स दॅन मी."

पट्टी करडीच. मी समोरून उठत नाही. नीना विचारते, ताई, त्या फोनमध्ये काय आहे — काही नाही म्हटलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळ. केयाचा जन्म दुपारचा, साडेअकरा पुरे व्हायला अजून काही तास. ताप नाही. नीना अर्धा केक आणायला बेकरीत गेली. जाताना शीळ घालत होती.

—

केयाला थंडी वाजतेय. ओठ निळे. हाक मारली तर ओ देत नाही. ९११ ला फोन केला, ॲम्ब्युलन्स निघालीय. नीनाला कसं सांगू —

पट्टी पिवळी झाली. माझं नाव. दाबते. अमित, मी येते. पोरीला सोड.

—

दाबलं.

केया उठून बसली. ओठ पुन्हा गुलाबी आहेत. भूक लागलीय म्हणते. केक कुठाय म्हणते.

मी अजून इथेच आहे. असं का —

ते बटण. बदल आपोआप मान्य करणारं. अमितने चालू ठेवलेलं. मी बंद केलंच नाही. विवेकने सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, आणि —

केया नीनाला फोन लावतेय. वाजतोय. उचलत नाही.

तिकीट बंद झालंय. त्यावर नाव आहे. माझं नाही.

सायरन आला. मी दारात गेले, हात केला. गाडी थांबली नाही. पुढे गेली, बेकरीच्या रस्त्याला. मागून दुसरी, तीही —

केया विचारतेय, आत्या, मॉम कुठे