न फुंकता घासलेला सूर

प्रिय उत्तम,

तू जाऊन तीन महिने झाले आणि मी आज पत्र लिहायला बसलोय. हसशील! जिवंत होतास तेव्हा चौसाळ्याहून मांजरसुंब्याला दोन शब्द बोलायला येणं झालं नाही. पण काल तुझी सुजाता दुकानात आली. तुझा जुना माउथ ऑर्गन पुढ्यात ठेवून म्हणाली, "काका, ह्यातला एक सूर बिघडलाय. पप्पा म्हणायचे, नीट केला तर तुमीच कराल."

तो कुणी बिघडवला, ते पोरीला सांगितलंच नाहीस का रे?

तुझ्या पंक्चरच्या दुकानात एका ट्रक ड्रायव्हरनं तुला ती कॅसेट दिली होती. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं गाणं, ब्लूज. वर्षभर ऐकून ऐकून तू ते ह्याच बाजावर बसवलंस आणि आपल्या गायन पार्टीत भीमगीतांच्या मधल्या जागा भरू लागलास. माणसं डोलायची. मला मात्र एक सूर टोचायचा. दरवेळी खाली घसरायचा.

मी पेट्यांचे सूर लावणारा. शाळा चौथीपर्यंत, जे कमावलं ते या दोन कानांवर. तालमीत सगळ्यांदेखत म्हणालो, "उत्तम्या, तुझा बाजा उतरलाय बे!"

"उतरला न्हाई, मी ओढून उतरवतो. ती माणसं बी आपल्यावानी राबलेली हाईत, सूर सरळ कसा राहील? फुंकून बघ की एकदा."

"फुंकायचं कावून? कान हायेत मला!"

तू नको नको म्हणत असताना बाजा माझ्या दुकानात नेला. त्या सुराची आतली पितळी पत्ती बोटानं छेडली आणि अंदाजानं टोकाशी घासली. जयंतीच्या कार्यक्रमात तो सूर वरच किंचाळला. पोरं हसली. तिसऱ्या गाण्याला तू बाजा खिशात घातलास. पार्टीनं कीबोर्डवाला आणला आणि मी गप्प राहिलो. एक शिवी तरी द्यायचीस!

पुढं नवा बाजा घेतलास, पण स्टेजवर चढला नाहीस. दुकानासमोर वाजवायचास. हवा भरून झाली तरी ट्रकवाले थांबायचे म्हणे. मी ऐकायला आलो नाही.

काल सुजाता गेल्यावर तुझा बाजा पहिल्यांदा ओठांना लावला. सगळे सूर चोख, मी घासलेला तेवढा चढलेला. त्याच्या शेजारच्या भोकातून श्वास जोरात आत ओढला, तर सूर वाकून खाली आला. अगदी तू म्हणाला होतास तसा. एका श्वासाचं काम होतं, उत्तम!

मग तेव्हा का नाही लावला? दुसऱ्याचं उष्टं नको म्हणून, असं स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. पण पार्टीतल्या पाटलाच्या बासरीला मी बेलाशक तोंड लावायचो की! तू बौद्धवाड्यातला, म्हणून तुझ्या बाजाला नाही. तुला हे कळलं होतं ना? म्हणूनच "फुंकून बघ" म्हणालास?

पत्ती बुडाशी घासून सूर परत उतरवीन, तेवढं येतं मला. पण तेवढ्यानं भागायचं नाही. येत्या जयंतीला पार्टीच्या माइकपुढं उभा राहीन आणि सांगीन, उत्तमचा सूर पक्का होता, बिघडवला मी. आणि न फुंकता का बिघडवला, तेही सांगीन. सुजातासमोर.

तुझा,
नारायण पेटीवाला