भाकरीची पैज आणि माझा साफ नकार

मु. पो. पणदरे, ता. बारामती
१२ फेब्रुवारी १९९६

तीर्थस्वरूप मामांना जावई सर्जेरावचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे (म्हशीसकट). तुमचा गुडघा कसा आहे? इंदापूरच्या थंडीत त्याला जपा.

आता तुमच्या पत्राबद्दल. "जुगार सोडा, मगच द्वारका नांदायला येईल," असं लिहिलंत. मामा, वडीलकीचा मान ठेवून सांगतो, मी सोडणार नाही, कारण तो जुगार नाहीच. आमचा दत्तोबा पुण्याच्या गोल्फ क्लबात वीस वर्षं गवत कापून गावी परतला, तो चार जुन्या काठ्या आणि पिशवीभर चेंडू घेऊनच. गायरानात आम्ही डालड्याचे सहा डबे पुरले. लांबून मारत मारत चेंडू डब्यात घालायचा, एवढाच खेळ. पैशाचं नाव नाही. पण नुसतं खेळून हात बसत नाही, म्हणून बारीकसारीक पैजा. चेंडू उसात गेला तर दुसऱ्याच्या जनावरांची वैरण कापायची. डब्याजवळ येऊन चुकला तर दुसऱ्याचं दूध डेअरीत घालून यायचं. पहिल्या महिन्यात मी इतकी वैरण कापली की दत्तोबाची गाय मला बघून हंबरायची (आमची मान फिरवायची). पण आज माझा चेंडू बांधाला धरून सरळ जातो. पत्ते कुटून कुणाचा हात असा सुधारलेला दाखवा, मिशी उतरवतो!

राहिली द्वारका. न्याहारी घेऊन आली आणि म्हणाली, "ह्यात काय अवघड हाय?" झालं, माझं डोकं फिरलं. दहा पावलांवरून डब्यात घालायचा, हरेल त्यानं महिनाभर भाकरी थापायच्या, असं मीच बोलून बसलो. माझा चेंडू डब्याच्या काठाला लागून पुढे गेला. तिनं पदर खोचला, अंगण झाडावं तशी काठी फिरवली आणि डबा खणकन वाजला. दत्तोबा निर्लज्जासारखा टाळ्या पिटत होता. मी म्हणालो, चपला काढून खेळलीस, ही पैज धरायची नाही (नियम म्हणजे नियम). त्यावर ती पिशवी भरून तुमच्याकडे निघून आली. आता चूक कुणाची, तुम्हीच ठरवा. मी माफी मागणार नाही आणि बोलावणार तर मुळीच नाही. माझं इथं झकास चाललंय.

आपला,
सर्जेराव

ता. क. भाकरी तव्यावर टाकताना मधोमध फाटते, तेव्हा काय करतात, हे सासूबाईंना सहज विचारून कळवा. मला नको आहे, दत्तोबा विचारत होता.

आणखी एक ता. क. जाताना द्वारका पैज लावून गेली होती. पंधरा दिवसांच्या आत मी तिला बोलावलं, तर रोज सकाळी चूल माझी आणि गायरान तिचं. आज सहावा दिवस. सोमवारी तिला बारामतीच्या एसटीत बसवून द्या, मी स्टँडवर सकाळपासून थांबतो. हरलो म्हणून सांगा.