डावी चकती

ओमारू, शुक्रवार

प्रिय बाबा,

तुझ्या नव्या खोलीत सकाळचं ऊन येतं म्हणालास, ऐकून बरं वाटलं. इकडे आठवडाभर दक्षिणेचा वारा सुटलाय आणि दुकानाची पाटी सारखी खडखडते. फिल्म धुवायच्या तुझ्या अंधाऱ्या खोलीचं छप्पर गळत होतं, ते मी दुरुस्त करून घेतलं. गुरुवारी फोटो क्लबातली मंडळी चीज रोल घेऊन आली होती. डग्लसने नेहमीसारखे इतरांच्या वाटणीचेही खाल्ले आणि तोंड पुसत म्हणाला, "म्हातारा क्राइस्टचर्चला गेला आणि क्लबातली मजाच गेली. हल्ली नव्या माणसाला कोणी छळतसुद्धा नाही." सगळे अगदी मनापासून हळहळले. तुझी आठवण काढणारी माणसं अजून आहेत, काळजी करू नकोस.

मग अर्थातच राणीसाहेबांचा विषय निघाला. त्या नावाचा तुझा रुपेरी जर्मन कॅमेरा कपाटात पुन्हा मखमलीवर येऊन बसलाय. त्याच्या आतल्या, फिल्म ओढणाऱ्या फिरकीचा दात तू स्वतः कानशीने घासलास तेव्हा मी शाळेत होते, आणि तू किती मन लावून घासत होतास ते मला आठवतं. झाकण उघडं असताना फिल्म नीट धरते, एकदोन वळसे घेते, आणि झाकण लावून पुढे ओढली की सोडून देते. वर आकडे सरकत राहतात, शटर खटखट वाजतं, आणि आत फिल्म जागची हलत नाही. छत्तीसच्या छत्तीस फोटो एकाच चौकटीवर, एकमेकांच्या उरावर. ज्याला माहीत आहे तो डावीकडची चकती बघतो. फिल्म पुढे जात असेल तर ती फिरते, नाहीतर नाही. नव्या माणसाला हे सोडून तू सगळं शिकवायचास, अगदी कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवण्यापर्यंत. पुढच्या गुरुवारी त्याची धुतलेली कोरी फिल्म दिव्यासमोर धरून म्हणायचास, "वा, काय संयम आहे! एकही फोटो काढला नाही!" मग हशा, मग बिअर, मग खरा कॅमेरा त्याच्या हातात. इतकी वर्षं कोणाचं काही बिघडलं नाही, हे तुझं म्हणणं मला पाठ आहे.

विलियामी आला तेव्हाही तू हेच केलंस. मटणाच्या कारखान्यात काम करणारा, चर्चला जायचा कोट घालून आलेला, दारातून वाकून आत शिरलेला तो टोंगन माणूस. तो फोटोग्राफीच्या हौसेने आला नव्हता. त्याच्या बायकोला, लोसाला, स्वतःचे फोटो हवे होते. फोनमधले नकोत, हातात धरता येतील असे, त्यांच्या लग्नातला वावाऊ बेटावरचा एक फोटो आहे तसे. तू त्याच्या हातांकडे बघून म्हणालास, "एवढ्या मोठ्या हातांना आमच्या राणीसाहेबच शोभतील." मागे कोणीतरी खोकला काढून हसू दाबलं. त्याने कॅमेरा दोन्ही हातांनी घेतला आणि मान लववून तुला मास्तर म्हणाला. तुला क्लबात आजवर कोणी मास्तर म्हटलं नव्हतं, तू खूश झालास.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही, कारण लोसाच्या तपासणीचे रिपोर्ट आले होते, आणि ते वाईट होते. ते मीच तुला सांगितलं. त्याला फोन करून कॅमेऱ्याचं सांगून टाक, असंही म्हटलं होतं. तू म्हणालास, "येईल तेव्हा सांगू. आत्ताच सांगून मजा कशाला घालवायची?" मग तो तुला बाजारात भेटला. बायको आता घरीच असते, रोज तिचे फोटो काढतो, असं त्याने तुला सांगितलं. आणि तू, बाबा, तू त्याला खिडकीतल्या उजेडाविषयी समजावलंस! काढलेले रोल फ्रिजमध्ये ठेव म्हणालास. घरी येऊन मला हे सगळं तूच सांगितलंस, जेवताना, बटाटे कुस्करत. त्यानंतर तुझी बांधाबांध सुरू झाली आणि तू निघून गेलास.

त्या घरात काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. लोसाने नवऱ्याकडून वचन घेतलं होतं की तिच्या खोलीत कोणी फोन काढायचा नाही. "माझं हे रूप ऑकलंडपासून तिकडे टोंगात नुकुआलोफापर्यंत सगळ्या नातेवाइकांत फिरायला नको," ती म्हणायची. तिचे फोटो एकटा विलियामी काढणार. तेही ती बरी झाली की सगळे एकदम बघायचे, म्हणून रोल धुवायला दिले नाहीत. सेला, आईच्या आजारपणात घरी परत आलेली त्यांची एकुलती मुलगी, एकदा आईच्या उशाशी बसून फोन काढू लागली, तर याने तो हिसकावून घेतला. "मी काढतोय ना? मास्तरांनी शिकवलंय मला." ती रडून बाहेर गेली. या माणसाने आयुष्यात मुलीवर आवाज चढवला तो तेवढा एकदा.

लोसा गेली. मातीनंतर तो आइस्क्रीमच्या डब्यात सगळे रोल घालून, कॅमेराही परत घेऊन दुकानात आला. फ्रिजमध्ये दुधाच्या बाटल्यांमागे ठेवलेले, प्रत्येकावर तिने स्वतः लिहिलेलं: बाग, माझा वाढदिवस, सेला आली तेव्हा. काउंटरवर हात ठेवून मला म्हणाला, "ते स्कॅन दोन प्रकारचं असतं ना, एक साधं आणि एक चांगलं? मला चांगलं पाहिजे. तिच्या पापण्या दिसल्या पाहिजेत." मी रोल धुतले. सगळ्या फिल्मा पाण्यासारख्या स्वच्छ निघाल्या आणि प्रत्येकीवर एकेक काळी चौकट. मला तुझा इतका राग आला की तोंडाला चव राहिली नाही.

फिल्म आत सरकलीच नाही, एवढंच मी त्याला सांगितलं. त्याने एक फिल्म उजेडात धरून पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे मी भरताना चुकलो." मी नाही म्हटलं तर म्हणाला, "तू चांगली आहेस म्हणून असं म्हणतेस." सेला बाजूलाच होती. ती बापाला एवढंच म्हणाली, "माझा फोन काढून घेतलास ना? आता बस." त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलत नाही. चर्चमध्ये वेगळ्या बाकावर बसते. बायको गेल्यावर त्याला एक मुलगी उरली होती, तीही गेली. आणि का गेली, तर बापाला साधी फिल्म भरता येत नव्हती म्हणून.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला. तू आधी काय केलंस आठवतं? हसलास. "सगळे रोल? एकदाही डाव्या चकतीकडे बघितलं नाही पठ्ठ्याने?" मग मी हसत नाहीये हे लक्षात आल्यावर म्हणालास, "हे बघ रोना, नवशिक्याच्या हातून होतंच असं. त्यालाही तेच वाटतंय ना, मग वाटू दे. आता क्लबचं नाव कशाला खराब करतेस?" मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तुला वाटलं असेल की पोरीला पटलं.

मी मागच्या खोलीतलं तुझं ते जुनं, काचेचं नळकांडं फिरणारं अवजड स्कॅनचं यंत्र पुसून सुरू केलं. साध्या यंत्राला त्या काळ्या चौकटीच्या पलीकडचं काही दिसत नाही, पण तुझं ते धूड सावकाश का होईना, आत शिरतं. तेलाच्या थराखाली फिल्म चिकटवायची, नळकांडं फिरवायचं, वाट बघायची, तूच शिकवलंस. पहिल्या रोलमध्ये बाग आली. कुंपणाची फळीन् फळी, खुर्ची, कोबीचे गड्डे, सगळं लख्ख. खुर्चीत कोणी नाही, नुसता धुरकट डाग. मला समजायला वेळ लागला. तू शिकवल्याप्रमाणे कॅमेरा स्टँडवर होता, म्हणून जे हललं नाही ते छत्तीस वेळा एकाच जागी उमटलं होतं. लोसा हसत होती, हात हलवत होती, मान वळवत होती, म्हणून ती उमटली नाही. वाढदिवसाच्या रोलमध्ये केक आहे, ती नाही. मग पलंग येतो, औषधांच्या बाटल्या येतात, आणि रोल पुढे जातील तसा तो डाग दाट होत जातो. आधी उशीवरच्या केसांची कड दिसायला लागते, मग हात.

शेवटच्या रोलवर तिचं अक्षर नाही. त्यात ती पूर्ण आहे. पुढच्या खोलीत चटया अंथरलेल्या, पांढरी लेस, फुलं, आणि मधोमध लोसा, अजिबात न हललेली. पापण्या मोजता येतात, बाबा. माझ्या हातून इतकं चांगलं स्कॅन आजवर झालेलं नाही. त्याला हवं होतं तसंच झालंय.

खरं काय ते मी त्याला सांगून टाकणार होते, तोंडही उघडलं होतं. पण सेलाला ते खरं वाटलं नसतं. मी गिऱ्हाइकाची समजूत घालतेय असं तिला वाटलं असतं, आणि ती त्याच्यापासून तेवढीच लांब राहिली असती. म्हणून मी विलियामीला म्हटलं, "तो कॅमेरा माझ्या वडिलांइतका कोणाला माहीत नाही, त्यांनाच विचार." आणि सेलाला फोन करून सांगितलं की एवढा एक दिवस बापाला गाडीने घेऊन जा. तर या पाकिटावर पोस्टाचं तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ज्याने ते तुझ्या हातात दिलं, तो आत्ता तुझ्यासमोर बसलाय. यात काय लिहिलंय ते त्याला माहीत नाही. त्याने तुझ्यासाठी तारोचे कंद आणलेत, आणि लोसाने विणलेली चटई आणलीय. मी नको नको म्हणाले, तर म्हणाला, "मास्तरांकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं." दाराजवळ उभी आहे ती सेला. शेवटच्या रोलचा फोटो याच पाकिटात मागे आहे, तो तू त्याला तुझ्या हाताने द्यायचा. तो तुला एकच विचारणार आहे, "मास्तर, माझं कुठे चुकलं?" त्याला उत्तर दे. मोठ्याने दे, मुलीला ऐकू जाईल असं.

तुझीच, आणि हेही तुझ्याकडूनच शिकलेली,
रोना